माझगावच्या टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यानाचा इतिहास जागेवर जाऊन कसा वाचावा

मुंबईला जाऊन मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट पाहिला नाही, असा सीमाभागातील प्रवासी विरळाच. मात्र हार्बर लाइनवरील डॉकयार्ड रोड स्टेशनलगतच्या भंडारवाडा टेकडीवर चढून जोसेफ बाप्टिस्टा उद्यान पाहून आलेला माणूस बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात क्वचितच भेटतो. वास्तविक मुंबई बंदराच्या काठावरील या लहानशा बागेवर आपला हक्क हँगिंग गार्डनपेक्षा अधिक आहे. ज्या बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव तिला दिलेले आहे, ते २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात स्थापन झालेल्या लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते. मुंबईत कामानिमित्त गेलेल्या आणि अर्धा दिवस हाताशी असलेल्या वाचकाला या टेकडीचा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा, तो नीट टिपून घेता यावा आणि गावी परतल्यावर मुलांना सांगता यावा, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

एक सूत्र सुरुवातीलाच मनात धरावे. या टेकडीवर आधी किल्ला होता, पुढे पाण्याचा जलाशय झाला, जलाशयावर बाग झाली आणि बागेला पायथ्याच्या वस्तीत जन्मलेल्या एका लोकनेत्याचे नाव मिळाले. वरवर पाहता या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. तरीही पहिल्या तिन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे, ते म्हणजे उंची. समुद्रसपाटीपासून ही टेकडी साधारण ३२ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उंची किरकोळ वाटेल. परंतु सभोवती खाडी, खाजण आणि भराव असलेल्या सपाट बेटावर एवढ्या उंचीलाही मोठे मोल होते. टेकडीवर प्रत्येक ठिकाणी उभे राहून ‘या उंचीचा त्या काळी कोणाला काय उपयोग होता?’ हा प्रश्न विचारत गेल्यास इतिहास आपोआप उलगडत जातो.

घरून निघण्यापूर्वी

पहिले काम बेळगावातच करायचे आहे. आपल्याकडे १९१६ आणि १९२४ या दोन सालांची गल्लत फार होते. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबर १९२४ मधले. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आणि वीरसौध यांमुळे ते सर्वांच्या ध्यानात राहिले आहे आणि त्याच्या तेजात १९१६ चा प्रसंग झाकोळून गेला आहे. होमरूल लीगची स्थापना त्याच्या आठ वर्षे आधीची. मंडालेच्या कारावासातून १९१४ साली सुटून आलेले टिळक एप्रिल १९१६ च्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या प्रांतिक परिषदेसाठी बेळगावात आले आणि तेथेच स्वराज्याच्या मागणीसाठी स्वतंत्र संघ काढण्याचे ठरले. बाप्टिस्टा अध्यक्ष झाले आणि नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निघाली. पुढे दोन्ही लीगांनी कार्यक्षेत्रे वाटून घेतली, तेव्हा टिळकांच्या लीगकडे मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख आला. अध्यक्ष खुद्द मुंबईतल्या माझगावचे आणि त्यांच्या लीगच्या कक्षेत मुंबई शहर नाही, ही वस्तुस्थिती टिपणवहीत अवश्य नोंदवावी. या चळवळीचा मुख्य पाया आपल्या भागात होता, हे त्यावरून दिसते.

वहीत १९१६ आणि १९२४ यांसाठी दोन वेगळी पाने ठेवावीत आणि घरातील किंवा गल्लीतील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली प्रत्येक आठवण कोणत्या पानावर जाते, हे ठरवूनच ती लिहावी. ‘गांधी आले होते’ एवढ्या खुणेवरून साल ठरवू नये, कारण गांधीजी १९१६ च्या परिषदेलाही उपस्थित होते. ‘गंगाधरराव देशपांडे पुढे होते’ यावरूनही ते ठरत नाही, कारण बेळगावचे हे नेते दोन्ही प्रसंगी पुढेच होते. सभा कुठे झाली, मंडप कुठे होता आणि अध्यक्षपदी कोण होते, हे विचारल्यास गुंता सुटतो.

टिळकांनी १ मे १९१६ रोजी बेळगावात केलेले स्वराज्यावरील भाषण मिळवून वाचल्याशिवाय टेकडीवर जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे भाषण आणि त्यानंतर अहमदनगरला केलेली दोन भाषणे राजद्रोही ठरवून सरकारने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सरकारने खटला भरल्यामुळे भाषणांचा मजकूर न्यायालयात दाखल झाला, त्यावर शब्दाशब्दाने खल झाला आणि तो पुढच्या पिढ्यांच्या हाती राहिला. टिळकांच्या भाषणांच्या संग्रहांत तो मिळतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय किंवा आपल्या गावचे जुने ग्रंथालय येथे चौकशी केल्यास असा एखादा संग्रह हाती लागण्यास हरकत नाही.

जुन्या मुंबईसाठी गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ उपयोगी पडते. ते १८६३ सालचे आहे, म्हणजे टेकडीवरील जलाशय होण्याच्या सुमारे दोन दशके आधीचे. त्यात ही बाग सापडणार नाही, आणि तोच त्याचा उपयोग आहे. बाग नसतानाचे माझगाव कसे होते, हे मराठी लेखकाच्या नजरेने त्यातून कळते.

टेकडीपर्यंतची वाट

बेळगावहून रात्रीच्या गाडीने येणारे बहुतेक प्रवासी दादरला उतरतात. तेथून मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरावे. या स्टेशनात हार्बर लाइनचे फलाट मुख्य मार्गाच्या वरच्या अंगाला आहेत, त्यामुळे जिना चढून वर जावे लागते. तेथून पनवेल किंवा वाशीकडे जाणाऱ्या लोकलने पुढचेच स्टेशन डॉकयार्ड रोड. निपाणी-चिकोडीकडील मंडळी कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरत असतील, तर त्यांनी तेथूनच हार्बर लोकल धरावी. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड. टेकडी स्टेशनच्या बाहेरच आहे. रिक्षा किंवा टॅक्सी करण्याचे कारण नाही. महापालिकेच्या अनेक बागा दुपारी बंद ठेवतात, म्हणून सकाळीच पोहोचावे. सकाळी पूर्वेकडे पाहताना ऊन डोळ्यांवर येते हे खरे, परंतु दुपारच्या दमटपणात टेकडीवर उभे राहण्यापेक्षा ते परवडते.

वर पोहोचल्यावर काय पाहावे

आधी पूर्वेकडच्या कठड्याशी जावे. एके काळी येथून संपूर्ण बंदर नजरेच्या टप्प्यात येत असे. आता उंच इमारतींनी बराच भाग झाकला आहे, तरीही फटींतून गोदी, क्रेनची टोके आणि पाण्याचा पट्टा दिसतो. याच ठिकाणी इंग्रजांनी १६८० च्या सुमारास माझगावचा किल्ला बांधला. त्या दशकाचा संदर्भ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला होता आणि त्यावरून मराठ्यांचे आरमार एका बाजूला, तर इंग्रज व सिद्दी दुसऱ्या बाजूला, असा समुद्रातील संघर्ष पेटला होता. जहाज कोणत्या दिशेने येते आहे आणि कोणाचे आहे, हे वेळेत दिसणे त्या काळी जिवावरचे काम होते.

कठड्याशी उभे राहूनच तोंड उत्तरेकडे वळवावे. तिकडे शिवडी आहे. १६८९ मध्ये मुघलांच्या आरमाराचा सरदार असलेला जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मोठी फौज घेऊन शिवडीला उतरला, माझगाव त्याच्या हाती पडले आणि इंग्रज आपल्या मुख्य किल्ल्यात कोंडले गेले. संभाजी महाराजांची हत्या आणि रायगडाचा पाडाव ज्या वर्षी झाला, तेच हे वर्ष. औरंगजेबाशी वाकडे घेण्याची किंमत कंपनीला मोजावी लागली; दंड भरून आणि क्षमा मागून तिने तह केला आणि जून १६९० मध्ये सिद्दी निघून गेला. जाताना त्याने माझगावचा किल्ला जमीनदोस्त केला. म्हणून येथे तट, बुरूज किंवा दरवाजा शोधत बसू नये. आपल्याकडे बेळगावचा भुईकोट किंवा येळ्ळूरचा राजहंसगड पाहताना दगडी तट समोर असतो आणि त्याच्या आधाराने इतिहास सांगता येतो. येथे तो आधार नाही. किल्ल्याची जागा का निवडली गेली, एवढेच येथे पाहता येते, आणि ते पाहण्यासाठी उत्तरेला शिवडी व पूर्वेला बंदर या दोन दिशा पुरेशा आहेत. वहीत एक साधा नकाशा काढून त्यावर या दोन दिशा आणि दक्षिणेचा मुंबईचा मुख्य किल्ला दाखवावा. वेढ्याचा सगळा प्रसंग त्या तीन खुणांत बसतो.

त्यानंतर नजर खाली, पायाखालच्या जमिनीकडे न्यावी. आपण उभे आहोत ती जमीन म्हणजे टेकडीचा नैसर्गिक माथा नाही. ही बाग पाण्याच्या जलाशयावर आहे. जलाशय आणि बाग १८८४ सालची. ‘जॉन हे ग्रँट’ या इंग्रजी नावाने ती पूर्वी ओळखली जात असे. मुंबईला नळाचे पाणी आले ते विहार तलावापासून. हेन्री कॉनीबेअर यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हा तलाव १८६० मध्ये पुरा झाला. त्याला १८७९ मध्ये तुळशी तलावाची जोड मिळाली. परंतु दूरच्या तलावातून शहरापर्यंत पाणी आणले म्हणजे काम संपत नाही. ते घरोघरी ठरावीक वेळी आणि पुरेशा दाबाने पोहोचवायचे, तर शहराच्या मध्येच एखाद्या उंच जागी ते साठवावे लागते. तेथून पुढे ते स्वतःच्या वजनाने उतारावर धावते. राकसकोपचे पाणी हिंडलगा आणि लक्ष्मी टेकमार्गे बेळगाव शहरात येते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला भंडारवाडा टेकडीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

पिण्याचे पाणी उघड्यावर ठेवले तर त्यात धूळ, पाने, पक्ष्यांची घाण आणि कडक ऊन जाते. म्हणून जलाशयावर छत घालतात, छतावर मातीचा थर देतात आणि त्या मातीवर हिरवळ लावतात. मातीमुळे पाणी थंड राहते आणि राबता असला की जागेवर अतिक्रमण होत नाही. हँगिंग गार्डन या नावाने ओळखले जाणारे मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान हेही १८८१ साली अशाच जलाशयावर तयार झालेले आहे. त्या जलाशयाची पुनर्बांधणी करण्याचा प्रस्ताव अलीकडे महापालिकेने मांडला, तेव्हा वरची झाडे तुटतील म्हणून नागरिकांनी विरोध केला आणि शेवटी दुरुस्तीवर भर देण्यात आला. बाग आणि पाणी या एकाच वास्तूच्या दोन बाजू आहेत, ही गोष्ट त्या वादाने मुंबईकरांच्याही नव्याने लक्षात आली.

भंडारवाड्यावर ही दुसरी बाजू पाहायची असेल, तर मोठ्या झाडांच्या जागा पाहाव्यात. खोल मुळांचे झाड छताला तडा देऊ शकते, म्हणून छताच्या भागावर हिरवळ, झुडपे आणि फुलझाडे ठेवतात, तर वड-पिंपळासारखे वृक्ष कडेच्या मूळ मातीत असतात. हिरवळीची सपाटी कुठे संपते आणि उतार कुठे सुरू होतो, ती रेषा पावलांनी चालून पाहावी. अशा जलाशयांना आतील हवा खेळती ठेवण्यासाठी नळ्या आणि आत उतरण्यासाठी झाकणे ठेवलेली असतात. ती कुठे दिसल्यास जागा वहीत नोंदवावी, पण त्यांच्यावर चढू नये, बसू नये आणि ती हलवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. खाली लाखोंच्या पिण्याचे पाणी आहे. समोरची माझगाव गोदी १९६० पासून केंद्र सरकारच्या ताब्यात असून तेथे नौदलाच्या युद्धनौका बांधल्या जातात. तिकडे कॅमेरा रोखण्यापूर्वी रखवालदाराला विचारावे.

दक्षिणेकडे प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉकचा परिसर येतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या, कापूस आणि दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. चंदगड, आजरा, खानापूर या भागांतून गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेल्या पिढीच्या आठवणींत हा स्फोट असतो. गावच्या मंडळाच्या खोलीवर राहिलेले एखादे आजोबा आपल्या ओळखीत असतील, तर निघण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे, “आबा, गोदीच्या स्फोटाचं तुमच्या खोलीवर काय सांगत होते?” त्यांनी स्वतः तो अनुभवला नसला, तरी आधीच्या पिढीकडून ऐकलेले त्यांच्याजवळ असते, आणि ते सांगणारे आता थोडेच उरले आहेत.

पायथ्याची म्हातारपाखाडी

टेकडी उतरल्यावर स्टेशनाकडे न वळता चालत म्हातारपाखाडीत जावे. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरे आणि मधोमध क्रूस असलेली ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. मुंबई-वसईकडील मूळ रहिवासी असलेल्या या समाजाची घरची बोली मराठीच. याच वस्तीत १७ मार्च १८६४ रोजी जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ नोकरी केली. नंतर ते केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. टिळकांवर १९०८ मध्ये भरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात साहाय्य करणाऱ्या वकिलांत ते होते. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. लीगच्या कामासाठी ते १९१७ मध्ये इंग्लंडला गेले. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा तिच्या उभारणीत ते पुढे होते. पोस्टमनांच्या संघटनेचेही त्यांनी नेतृत्व केले. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. ‘महापौर’ हे नाव त्या पदाला पुढे १९३१ मध्ये मिळाले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

वस्ती लहान आहे आणि घरे राहती आहेत. दारात उभे राहून छायाचित्रे घेऊ नयेत. कोणी ओट्यावर बसले असेल तर नमस्कार करून आपण बेळगावकडचे आहोत आणि बाप्टिस्टांच्या वस्तीला भेट देण्यास आलो आहोत, असे सरळ मराठीत सांगावे. होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, ही माहिती त्यांना असेल किंवा नसेल. आपण दिलेला हा दुवा त्यांच्याही उपयोगाचा आहे.

वेळ उरला तर भाऊच्या धक्क्यापर्यंत जावे. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या धक्क्यावरून मोरा आणि रेवस येथे लाँच सुटतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यास फेऱ्या बंद राहतात, म्हणून आधी चौकशी करावी. मोऱ्याच्या लाँचमध्ये मागच्या बाजूला बसावे आणि धक्का सुटताच माझगावकडे पाहावे. आजच्या इमारतींतून टेकडी ओळखणे अवघड जाते, परंतु किनारा किती सपाट आहे, हे पाण्यावरूनच खऱ्या अर्थाने कळते.

टिपण लिहिताना

घरी आल्यावर लगेच लिहावयास बसावे. किल्ला, वेढा, जलाशय, बाग, नाव हा क्रम ठेवावा आणि प्रत्येक भागात उंचीचे कारण एका वाक्यात सांगावे. नावाच्या भागात ते कारण लागू पडत नाही. तेथे कारण माणसाचे आहे, म्हणून तो भाग सर्वांत विस्ताराने लिहावा आणि त्यात २८ एप्रिल १९१६ ची बेळगावची बैठक मध्यभागी आणावी. जे स्वतः पाहिले, जे छापील पानावर वाचले आणि जे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले, ते तीन वेगळ्या शाईंनी किंवा समासात खूण करून वेगळे ठेवावे. ज्या सालाला छापील आधार मिळाला नाही, ते साल टिपणात घेऊ नये. शाळेच्या हस्तलिखितासाठी, ग्रंथालयाच्या व्याख्यानासाठी किंवा मंडळाच्या अंकासाठी हे टिपण देणार असाल, तर ते २८ एप्रिलच्या आधी किमान महिनाभर द्यावे, कारण त्या तारखेला लीगच्या स्थापनेचे स्मरण करण्याची प्रथा आपल्याकडे म्हणावी तशी रुजलेली नाही आणि संपादकाला जागा राखून ठेवण्यास अवधी लागतो.